सर, तुमची पँट वाजते

मुक्ताईनगरात कॉर्डरॉयची पँट घालण्याजोगे दिवस वर्षातून फार थोडे येतात, आणि ते येऊन गेल्यावरच कळतं की ते आले होते. दिवाळी उलटली तरी दुपारी पंखा लागतो. मग डिसेंबरात एखाद्या रात्री उत्तरेचं वारं सुटतं, पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, माणसं मफलर गुंडाळून चौकातल्या शेकोटीभोवती उभी राहतात आणि मला वाटतं, आजच! कपाट उघडून, पँट काढून, डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत ती झटकेस्तोवर नऊ वाजतात. नऊला ऊन येतं. ऊन आलं की आमची थंडी संपली, ती थेट दुसऱ्या पहाटेपर्यंत. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते, असं साऱ्या महाराष्ट्रात म्हणतात. आमच्याकडे महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, पण तोवर थांबण्याइतकी भाविक थंडी मी तरी पाहिलेली नाही. आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, की कॉर्डरॉयचं नुसतं नाव काढलं तरी गुडघ्यामागे घाम सुटतो.

असलं कापड मी आपण होऊन घेतलं असेल, असा गैरसमज नको. ते मला आहेरात मिळालं. खान्देशात घरटी एक तरी माणूस सुरतेला असतो. आमच्या सौभाग्यवतींचे बंधू उधन्याला असतात. एरवी आहेरातला पँटपीस ही आमच्याकडे शिवायची वस्तू नव्हेच. तो कपाटात ठेवायचा आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, ही रीत. पण हा पीस पुढे सरकवायची सोय नव्हती. दर रविवारी फोन यायचा.

"दाजी, शिवली का?"

"शिवतो."

"दाजी, साधं कापड नाही ते. कॉर्डरॉय आहे."

शेवटी सौ. म्हणाली, "माझ्या भावाने एवढ्या हौसेने आणलंय." या वाक्यानंतर आमच्या घरात चर्चा होत नाही.

टेलरमास्तरांनी कापड हातात घेतलं आणि त्यावरून आधी वरून खाली, मग खालून वर हात फिरवला. वरून खाली हात नेला की कापड फिकं आणि गुळगुळीत. खालून वर नेला की गडद आणि खरबरीत. हा खेळ त्यांनी बराच वेळ केला. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "सर, नाही पुरायचं."

"सव्वा मीटर आहे की."

"साधं असतं तर पुरलं असतं. साध्या कापडात एक पाय सुलटा आखायचा, दुसरा त्याच्या शेजारी उलटा, म्हणजे कापड वाचतं. याला लव आहे. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात. पना पण बेताचा आहे. बरं, लव खाली ठेवू का वर? खाली ठेवली तर पँट जास्त टिकते. वर ठेवली तर रंग भरून दिसतो."

इतका गहन प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नव्हता. मी इतिहासाचा शिक्षक. मला विचारतात ते पानिपतावर काय चुकलं, एवढंच. सुदैवाने लेंग्याचं माप द्यायला आमचे शेजारी नाना तिथे बसलेले होते. नानांची केळीची बाग आहे. त्यांनी कापड पुढ्यात ओढलं, त्यावरच्या उभ्या रेघांकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं सरी-वरंबा हाय भो! किती फुटावर काढल्या सऱ्या?" मग मास्तरांची पट्टी घेऊन, एका इंचात किती वरंबे बसतात हे त्यांनी नखाने मोजलं. अकरा भरले. नाना खूष झाले. "लागवड चांगली हाय," म्हणाले.

नानांनी जे मोजलं तेच या कापडाचं खरं माप असतं, हे मला जळगावला कळलं. कमी पडणारं कापड मिळवायला मी फुले मार्केटात गेलो. दुकानदाराने विचारलं, "किती नंबर?"

"चौतीस."

"कंबर नाही काका, कापडाचा नंबर!"

मग त्याने गठ्ठ्यावर गठ्ठे आपटून माझं शिक्षण केलं. इंचात जितक्या रेघा, तितका नंबर; म्हणजे नंबर लहान तितकी रेघ जाड. अकरा नंबर हा रोजच्या पँटीचा. चौदा त्याहून जरा नाजूक. सोळापासून एकवीसपर्यंत गेलं की रेघ जवळून पाहिल्याशिवाय दिसतच नाही. त्याचे शर्ट आणि लहान मुलींचे फ्रॉक होतात, त्याला दुकानात बेबी कॉर्ड म्हणतात. उलट आठाच्या खाली उतरलं की रेघा बोटभर व्हायला लागतात. त्याने एक गठ्ठा उलगडला तो चार नंबरचा होता. त्याचं नाव म्हणे हत्ती कॉर्ड. "हे पँटीला नाही काका, सोफ्याला. याची गादी केली तर उठवत नाही माणूस." एक जाड एक बारीक अशा आळीपाळीच्या रेघांचं होतं, पॉलिस्टर मिसळलेलं होतं, लायक्रा घातलेलं ताणणारं होतं. ते ताणणारं त्याने माझ्या पोटाकडे बघून दोनदा दाखवलं. माझ्या तपकिरी रंगाचं मात्र एकही नव्हतं. घरी येऊन मी हे सगळं आप्पांना, म्हणजे वडिलांना सांगितलं. आप्पा दिवसभर झोक्यावर असतात. बाकी काही त्यांच्या कानावर पडलं नाही, ते एवढंच म्हणाले, "हत्ती कॉर्डची गादी बरी असते म्हणतोस?"

शेवटी मास्तरांनी आहे त्यातच भागवलं. म्हणजे काय केलं, ते पँट अंगात चढल्यावर समजलं. डावा पाय गडद तपकिरी, उजवा फिका.

"मास्तर, हे दोन पाय दोन रंगांचे आहेत."

"रंग एकच आहे सर. एक पाय उलटा बसवावा लागला. उजेडाचा खेळ तो. आता खाली बसून बघा बरं."

मास्तर जमिनीवर बसले. मी आरशासमोर उभा. "बघा! आता मला उजवा गडद दिसतो, डावा फिका!" त्यांच्या स्वरात शोधाचा आनंद होता. तात्पर्य, उभ्या माणसाला एक पाय गडद दिसायचा आणि जमिनीवर बसलेल्याला दुसरा. त्यामुळे भजनाच्या बैठकीत माझ्या पँटीवरून मतभेद झाले, त्यात दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

त्या हिवाळ्यात मी आणि नाना एकमेकांचे वैरी झालो. मला थंडी हवी होती, त्यांना नको. केळीला थंडी सोसत नाही. पारा घसरला की झाड वाढायचं थांबतं, पानं पिवळी पडतात, घड बाहेर पडताना गळ्यातच अडकून बसतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बागायतदार बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करतात, रात्री पाणी देतात. नाना रात्रभर जागून, तांबारलेल्या डोळ्यांनी परत येत होते आणि मी पँट घालून अंगणात थंडीचं स्वागत करत होतो.

"मस्त पडलीय नाही नाना? अशीच आठवडाभर राहिली पाहिजे."

नाना थांबले. पँटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमच्या प्यांटीसाठी माही बाग जाऊ देऊ का?"

थंडीचं हवामान असतं तिथे हे प्रश्न येत नाहीत. न्यूयॉर्कला कॉर्डरॉयच्या चाहत्यांनी एक क्लब काढला होता, हे वाचून मी चकित झालो. त्यांचा मेळावा 11 नोव्हेंबरला. का, तर 11/11 हे आकडे कॉर्डरॉयच्या रेघांसारखे उभे दिसतात. 11 नोव्हेंबर 2011 ला तर त्यांना पर्वणीच लाभली. आमच्याकडे त्या तारखेला कपाशीची वेचणी चालू असते आणि कॉर्डरॉय घालून शेतात गेलेला माणूस संध्याकाळी पांढरा होऊन परत येतो. या कापडाला जे जवळून जाईल ते चिकटतं. कापसाचे तंतू, गवताची कुसळं, मांजराचे केस, टॉवेलचे धागे. घरातलं मांजर माझ्या मांडीवरून उतरल्यावर अर्धं माझ्याकडेच राहायचं.

पण पँटीचा खरा गुण जानेवारीत, दहावीच्या सराव परीक्षेत उघड झाला. वर्गात टाचणी पडेल तरी ऐकू येईल अशी शांतता. मी पर्यवेक्षणाला चालायला लागलो आणि आवाज सुरू झाला. झिर्रप, झिर्रप, झिर्रप. दोन्ही मांड्यांवरचे वरंबे एकमेकांवर घासले की हा आवाज निघतो. मांड्या बारीक असतील तर निघत नाही. हा खुलासा मला खेळाच्या शिक्षकांनी न विचारता केला. मी मागच्या बाकांकडे निघालो की पुढची मुलं कामाला लागत. वळलो की पुढची सज्जन होत आणि मागची कामाला लागत. सगळ्या वर्गाला मी कुठे आहे याची पाठ वळवूनही खबर. एका प्रामाणिक मुलाने पेपर देताना हळूच सांगितलं, "सर, तुमची पँट वाजते."

मुख्याध्यापकांपर्यंत गोष्ट गेली. "सर, या वर्षी आपल्या शाळेची उत्तरं बरीच सारखी आलीत," ते म्हणाले. "तुम्ही जरा पाय फाकवून चालून बघता का?"

मी बघितलं. आवाज थांबला. पण दुपारपर्यंत शिक्षक-खोलीत तिघांनी मला बाजूला घेऊन मूळव्याधीवरचं आपापलं औषध सांगितलं. एकाने तर दुसऱ्या दिवशी सुरणाचा कांदाच आणून दिला.

यानंतर नानांच्या शेतात भरीत पार्टी झाली. वैर विसरून त्यांनीच बोलावलं. थंडी ओसरली होती. भरताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजत होती, धूर डोळ्यांत जात होता, एकीकडे लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर गर ठेचणं चाललं होतं. मी एका बाजेवर बसलो. बाजेवरून उठलो तेव्हा मागून हशा पिकला. बाजेच्या सुतळीची वीण माझ्या बैठकीवर जशीच्या तशी उमटली होती, चौकडी-चौकडीने. लव दाबली गेली की लगेच उठत नाही. गुडघे आणि बैठक ही तिची नाजूक स्थानं. "सर, तुमच्या मागे बाज छापली," कोणीतरी म्हणालं, आणि एक उत्साही तरुण त्याचा फोटो काढून मला पाठवतो म्हणाला. त्याने तो सगळ्या गावाला पाठवला.

विषय बदलावा म्हणून मी इतिहासात शिरलो. शिक्षकाला दुसरं करता तरी काय येतं? म्हटलं, हे कापड बनतं कसं ते ऐका. आडव्या बाण्याचे जादा धागे वर मोकळे सोडून विणतात. मग ते ओळीने मधोमध कापायचे आणि ब्रशने उभे करायचे, की रेघ तयार. आता फिरत्या पात्यांची यंत्रं आहेत, पण इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास हे काम माणसं हाताने करत. लांबलचक टेबलावर कापड ताणून बसवलेलं, हातात लांब, अणकुचीदार सुरी. एक ओळ चिरत टेबलाच्या त्या टोकाला जायचं, दुसरी ओळ चिरायला परत यायचं. बाया आणि पोरी दिवसभरात मैलोन् मैल अशा चालत. सुरी जरा हलली की कापडाला भोक.

"म्हंजे रोजंदारीनं सऱ्या पाडायच्या," नाना म्हणाले. त्यांना एकदम त्या बायांबद्दल आपुलकी वाटली. "मजुरी काय देत?"

ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी पुढची गोष्ट काढली. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात भुसावळपर्यंत आगगाडी आली. खान्देश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून तिकडे जायला लागला. पण आपला धागा आखूड. सारखा तुटायचा. तिथल्या कामगारांच्या नाकी नऊ आले. हिंदुस्थानातून आलेला कसलाही कापूस असो, ते त्याला एकच नाव देत, सुरत. आणि सुरत म्हटलं की कपाळाला हात लावत.

इथे मी थोडा थांबलो. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या कामगारांना सुरतेच्या मालाने जे भोगायला लावलं, ते मला आतून समजत होतं. सौ. समोरच वाढायला उभी होती, म्हणून मी हे बोललो नाही.

"म्हंजे कापूस आपला आन वैताग त्याह्यले," नानांनी निकाल दिला. "बसा जेवायले."

पंगत केळीच्या ताज्या पानांवर होती. नुकतंच कापलेलं पान, त्यावर भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. मी मांडी घालून बसलो आणि पानाच्या देठाकडचा चीक ठिबकत ठिबकत गुडघ्यावर उतरला. केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो, दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी तो काळपट तपकिरी होऊन उगवतो आणि मग कापड फाटेपर्यंत सोबत करतो. केळीच्या बागेत काम करणारी माणसं म्हणूनच ठेवणीतले कपडे घालत नाहीत. डाग नेमका फिक्या पायावर पडला. मास्तर म्हणाले, "बरं झालं, आता दोन्ही पाय सारखे दिसायला लागलेत."

पँट धुवायची वेळ आली तेव्हा उधन्याहून फोनवर सूचना आल्या आणि सौ.ने त्या वहीत उतरवून घेतल्या. पँट उलटी करून धुवायची. पाणी गार. साबण सौम्य. ब्लीच अजिबात नाही. पिळायची नाही. टॉवेलबरोबर भिजवायची नाही. सावलीत, कमरेकडून टांगून वाळवायची आणि दमट असतानाच मऊ ब्रशने लवेच्या दिशेने विंचरायची. आमच्या लवेला दोन दिशा होत्या, त्यामुळे डावा पाय वर आणि उजवा पाय खाली असं विंचरावं लागणार होतं. आप्पांनी झोक्यावरून पाहिलं. "माझे केस कोणी विंचरत नाही," ते म्हणाले. त्यांना केस नाहीत, पण मुद्दा बरोबर होता.

या सूचना धुणंवाल्या मावशींपर्यंत पोचायच्या आत पँट त्यांच्यापर्यंत पोचली. मागच्या दारातून मोगरीचे आवाज येत होते. सौ. धावली. मावशी घामाघूम. "ताई, हात गेले माझे घासून घासून. बाकी मळ निघाला, पण या रेघा काही जात नाहीत!"

पँट वाचली. रेघाही वाचल्या. त्या गेल्या इस्त्रीच्या दुकानात. कोळशाची वजनदार इस्त्री, समोरून कडक घडी आणि कारागिराची कामावरची निष्ठा, तिन्ही एकत्र आली. मांडीवर दोन चकचकीत पट्टे पडले, तिथे कॉर्डरॉय होतं याचा पुरावाच नाही. या कापडाला इस्त्री करायची तर उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल अंथरून, वाफेची, न दाबता. हे मी त्याला सांगितलं. "न दाबता इस्त्री?" तो म्हणाला. "मग ती माझ्याकडे कशाला आणली?"

त्यावर इलाज उधन्याहून आला. न्हाणीघरात उकळत्या पाण्याची बादली ठेवायची, वर पँट टांगायची, दार लावायचं. वाफेने लव फुगून उठते, मग हलक्या हाताने ब्रश फिरवायचा. फरक पडतो, हे मी मान्य करतो. पण सकाळी शाळेच्या वेळेला माझी अंघोळ थांबली, आप्पांची थांबली, सौ.ची थांबली, आणि पँट एकटी वाफ घेत होती. आप्पांनी बाहेरून दार वाजवलं. "आत कोण आहे?"

"पँट."

"किती वेळ?"

तिला कपाटातही घडी घालून चालत नाही, घडीवर लव मोडते. म्हणून तिच्यासाठी रुंद हँगर आला. हँगरला जागा हवी म्हणून माझे शर्ट ट्रंकेत गेले. आजूबाजूला दाटी नको म्हणून दोन्हीकडे रिकामं अंतर सोडलं. टॉवेलांची रवानगी दुसऱ्या खोलीत झाली. ओल राहू नये म्हणून कपाटाचं दार दिवसा किलकिलं ठेवायचं आणि किलकिल्या दारातून मांजर आत जाऊ नये म्हणून समोर खुर्ची. त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही.

मार्च उजाडला. उन्हाची झळ लागायला लागली. आता दिवाळीपर्यंत तिचं नाव नाही, असं म्हणून मी सुती लेंगा चढवला आणि मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात फोन वाजला. सौ.ने तो स्पीकरवर टाकला.

"दाजी, पँट कशी निघाली?"

"टिकाऊ आहे," मी म्हणालो. सौ. बघत होती.

"मला वाटलंच होतं तुम्हाला आवडेल! आता ऐका. आखाजीला ताईला न्यायला मी येतोय. येताना कोटाचं कापड आणतो. त्याच तपकिरीतलं, जोड होईल. आखाजीला घालायचाच."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तेव्हा डांबर पातळ होतं.

"किती नंबर?" मी विचारलं.

"चार! दुकानदार म्हणाला, हत्तीसारखं टिकेल. आणि मागच्या वेळेसारखं कमी पडायला नको म्हणून तीन मीटर घेतलंय."

झोका करकरला. डोळे मिटून पडलेले आप्पा उठून बसले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "टेप आण गं जरा. या गादीचं माप घेऊन ठेव."